दोन रुग्णांमधली दहा मिनिटं

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, आज काय येणार, हे बरंचसं महिन्यावर ठरतं. पाऊस पडून शेतातली कामं सुरू झाली की सर्पदंश वाढतात. ऊसतोडीच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळतात. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे अपघात बाराही महिने येतात. ‘औषध प्यालेले’ रुग्णही वर्षभर येतात, कारण द्राक्षबाग असो की ऊस, कीटकनाशक आणि तणनाशक घरातच ठेवलेलं असतं.

अशा दिवसाच्या शेवटी डॉक्टर आणि सिस्टर पार गळून जातात. रक्त, जखमा, आरडाओरडा यांची सवय लवकर होते. जी सवय कधीच होत नाही ती वेगळी आहे: एका प्रसंगातून शरीर बाहेर पडायच्या आत दुसऱ्या प्रसंगात शिरावं लागतं.

गंभीर रुग्ण दारात आला की काही सेकंदांत ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक डॉक्टरच्या रक्तात उतरतं. नाडी वाढते, नजर एका जागी खिळते, हात झपाझप चालतात. ते ओसरतंही लवकर, दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाची चाल संथ असते. ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर जाते आणि निम्म्यावर यायला पुढचा तासभर, कधी दीड तास लागतो. आता कॅज्युअल्टीतला क्रम बघा. हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचं काम मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलत चाललेलं असतं. दर तीन ते पाच मिनिटांनी रुग्णाला औषध म्हणून एक मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दिलं जातं. हृदय सुरू झालं नाही तर अर्ध्या तासाने थांबायचा निर्णय होतो. डॉक्टरच्या रक्तातलं कॉर्टिसॉल नेमकं तेव्हाच शिखरावर असतं आणि तेव्हाच बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगायचं असतं. सांगून परत वळेपर्यंत एकशेआठची गाडी पुढचा रुग्ण उतरवते.

दुसऱ्याची वेदना बघताना मेंदूत काय होतं, हे टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं. जोडीदाराला वेदना होतेय एवढं कळलं तरी बघणाऱ्याच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग जागे होतात, आणि स्वतःच्या वेदनेतही हेच भाग काम करतात. पुढे २००७ मध्ये तैवानमध्ये ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांचा असाच अभ्यास झाला. सुया टोचल्याची दृश्यं बघताना त्यांच्यात हे भाग फारसे जागे झाले नाहीत; आवर घालणारे पुढचे भाग मात्र जास्त काम करत होते. डॉक्टरचं मन दगडाचं झालं, असा याचा अर्थ लावणं चूक आहे. वेदना आवरायला मेंदू कष्ट घेत असतो आणि ते कष्ट दिवसभर साचत जातात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. चेहऱ्यावरचे भाव दाबून ठेवले तर आतली भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण वाढतो आणि त्या वेळात बघितलेलं-ऐकलेलं कमी लक्षात राहतं. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे सांगितलेलं निसटतं ते अशाच वेळी.

दोन प्रकारचे रुग्ण यात सर्वांत जास्त पिळून काढतात.

पहिला मण्यारीचा दंश. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास तोकडा पडतो. प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमधून साधारण तासाभरात दिल्या जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष माणसाचं वजन बघून सोडलेलं नसतं. पण मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकांनाच इजा करतं, आणि झालेली इजा प्रतिविषाने भरून येत नाही. ती टोकं पुन्हा वाढेपर्यंत नळी टाकून, व्हेंटिलेटर लावून वाट बघावी लागते. या काळात रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, बाहुल्यासुद्धा प्रकाशाला प्रतिसाद देईनाशा होऊ शकतात. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. प्रत्यक्षात तो शुद्धीवर असू शकतो आणि खाटेभोवती बोललेलं सगळं ऐकत असतो. डॉक्टरला एकाच वेळी दोन माणसांशी बोलावं लागतं: रडणाऱ्या भावाला सांगायचं की हा जिवंत आहे, आणि खाटेवरच्या निश्चल माणसाला नावाने हाक मारून सांगायचं की दादा, नळी काही दिवस राहील, श्वास मशीन देतंय, घाबरू नका. वेळेवर श्वास दिला तर यातले बरेच रुग्ण चालत घरी जातात. म्हणूनच उशिरा आणलेला रुग्ण दगावला की ते मनातून जात नाही.

दुसरा पॅराक्वाट प्यालेला. हे तणनाशक आहे. चोवीस टक्क्यांच्या द्रावणाचे दहा-पंधरा मिलिलिटरही जीव घेऊ शकतात. रुग्ण बऱ्याचदा स्वतःच्या पायांनी येतो, नीट बोलतो, तोंडात जळजळ आणि उलट्या एवढीच तक्रार असते. ‘चुकून झालं डॉक्टर, मला घरी सोडा,’ असंही म्हणतो. याला उतारा नाही. विष फुफ्फुसांच्या पेशींत साठतं आणि ऑक्सिजनच्याच साहाय्याने त्यांचा नाश करतं. म्हणून रक्तातला ऑक्सिजन फार खाली जाईपर्यंत ऑक्सिजन लावायचा नसतो. नातेवाईक विचारतात, ‘मास्क का लावत नाही?’ आणि डॉक्टरला उभ्या उभ्या हे सगळं समजवावं लागतं. मोठी मात्रा असेल तर एक-दोन दिवसांत सगळं संपतं. त्याहून कमी असेल तर मूत्रपिंडं आणि मग फुफ्फुसं काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत निकामी होत जातात. समोर बोलत असलेल्या पोराचं पुढे काय होणार हे माहीत असताना त्याची माहिती लिहून घेणं, हे कॅज्युअल्टीतल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे असं आम्हाला वाटतं.

मृत्यू सांगण्याची एक पद्धत आहे आणि ती शिकता येते. आधी नाव आणि नातं पुन्हा तपासायचं. एकाच अपघातातले दोघे आले असतील तर इथेच घोटाळा होतो. दारात उभं राहून सांगायचं नाही, बसायचं, सोबत सिस्टर घ्यायची, आपला मोबाइल दुसऱ्या कुणाकडे द्यायचा. त्यांना काय कळलंय ते विचारायचं. मग एका वाक्याने मन तयार करायचं आणि लगेच स्पष्ट सांगायचं की मृत्यू झाला आहे. ‘सिरीयस आहे, प्रयत्न चालू आहेत’ असं म्हणून वेळ काढला की नातेवाईक पुण्याला हलवायची तयारी करतात, पैसे जमवतात, आणि खरं कळल्यावर फसवलं गेल्याचा राग त्याच डॉक्टरवर निघतो. सांगून झालं की गप्प बसायचं. पुढचा अवघड भाग लगेच येतो: अपघात, विषबाधा, सर्पदंश यांत पोलिसांना कळवावं लागतं आणि शवविच्छेदन होतं. ‘बॉडी आत्ताच द्या’ या मागणीला नाही म्हणावं लागतं. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर दोन लाखांचं सरकारी अनुदान मिळू शकतं आणि त्यासाठी ही कागदपत्रं लागतात, एवढं शांतपणे सांगितलं तरी तंटा बराच निवळतो.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत अशा झिजण्याच्या तीन बाजू आहेत: भावनेचा साठा संपणं, समोरचा माणूस माणूस न वाटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरी बाजू बोलण्यातून आधी कळते. ‘चार नंबरचं पॉयझनिंग’ असं, नाव न घेता, खाटेच्या नंबराने रुग्णाबद्दल वारंवार ऐकू यायला लागलं की त्या ड्युटीवरच्यांना विश्रांतीची गरज आहे, हे वरिष्ठांनी ओळखावं. झोपेचा हिशेबही यात येतो. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते, असं १९९७ मध्ये दिसून आलं. निवासी डॉक्टरांची ड्युटी चोवीस तासांच्या पुढे सहज जाते.

उपाय मोठे नाहीत, पण ते ड्युटीच्या आखणीतच बसवावे लागतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जोनाथन बार्टल्स या नर्सने एक प्रथा रुजवली: मृत्यू घोषित झाल्यावर सगळ्यांनी जागेवरच मिनिटभर शांत उभं राहायचं, गेलेल्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्या हातांसाठी. त्यापाठोपाठ पाच मिनिटांची बैठक घेता येते: काय झालं, काय नीट झालं, काय अडलं, कुणाला आत्ता बाहेर जायचंय. दोष कुणाचा ही चर्चा तिथे करायची नाही. आणि ज्याने मृत्यू सांगितला त्याच्याकडे पुढचा लाल गटाचा, म्हणजे सर्वांत गंभीर, रुग्ण लगेच द्यायचा नाही. दहा मिनिटं, पाणी, चार घास, बसायला खुर्ची. तेवढ्याने कॉर्टिसॉल उतरत नाही, पण लक्ष परत ताब्यात येतं. रात्री एकच मेडिकल ऑफिसर आणि दोन सिस्टर असलेल्या ग्रामीण रुग्णालयात हे कसं जमणार, हा प्रश्न खरा आहे. तिथे लाल रुग्ण थांबवता येत नाही. पिवळ्या-हिरव्यांची, म्हणजे त्याहून कमी गंभीर रुग्णांची, नाडी, रक्तदाब सिस्टरने लिहून घ्यायचे आणि डॉक्टरने दहा मिनिटांनी यायचं, एवढं मात्र आधीच ठरवून ठेवता येतं.

ही दहा मिनिटं बऱ्याचदा एकच माहिती आठ जणांना सांगण्यात जातात. म्हणून नातेवाइकांनी बोलायला एक माणूस ठरवावा. विषबाधा असेल तर बाटली लेबलसकट पिशवीत घालून आणावी, किती प्यालं आणि किती वाजता हे लिहून ठेवावं, कपडे काढून अंग साबणाने धुवावं, मीठपाणी पाजून उलटी काढू नये. साप मारून आणायची गरज नाही. लांबूनच फोटो मिळाला तर पुरे. चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, दोरी आवळायची नाही, अंगठ्या-कडी काढायची, आणि मांत्रिकाकडे न थांबता थेट निघायचं.