आवाजाची जागा : २जी ते ५जी, फोनवरच्या बोलण्याची पार्श्वभूमी

फोनच्या वरच्या कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असताना कुणाला तरी नंबर लावा आणि नजर त्या कोपऱ्यावरच ठेवा. बऱ्याच फोनवर रिंग जायच्या आधीच ५चे ४ होतात. बोलणं संपलं की थोड्या वेळाने पुन्हा ५. कोथरूडच्या एका मोबाइल दुकानात एक काका यावरून हुज्जत घालत होते : "रिचार्ज ५जीचा मारला, मग बोलताना ४जी कसं?" दुकानदाराने "नेटवर्कचं असतं हो ते" म्हणून विषय मिटवला. काकांचा प्रश्न रास्त होता, पण त्याचं उत्तर द्यायचं तर तीस वर्षं मागे जावं लागतं.

पुणेकराला ही गोष्ट वाड्याच्या भाषेत पटकन कळते, म्हणून तशीच सांगतो. मोबाइलचं जाळं म्हणजे एक वाडा. तो बांधला आवाजासाठी, म्हणजे आवाज मालक. डेटा मागाहून आला, मागच्या खोल्यांत राहणारा भाडेकरू म्हणून. पुढे भाडेकरूचं खटलं इतकं वाढलं की वाडा पाडून त्याच्या सोयीने नवी इमारत उभी राहिली, आणि मग मालकाला आत कुठे बसवायचं यावर खल सुरू झाला.

मालकाचा रुबाब मोबाइलच्याही आधीचा. लँडलाइनवर नंबर लागला की इथून तिथपर्यंतची वाट त्या दोघांपुरती बांधली जायची. तुम्ही बोला नाहीतर अवघडून गप्प बसा, वाट अडलेलीच. एक्सचेंज डिजिटल झाली तेव्हा आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येकी ८ बिट असा हिशेब ठरला. प्रत्येक बोलण्याला ६४ किलोबिट, ना कमी ना जास्त. आवाजाचा पट्टाही ३०० ते ३,४०० हर्ट्झ इतका छाटलेला. 'स'ची धार त्या पट्ट्याच्या वर राहते, त्यामुळे फोनवर 'साठे' म्हटलं की पलीकडे 'फाटे' ऐकू यायचं आणि मग "समईतला स" अशी फोड करावी लागायची.

अॅनालॉग मोबाइलची पहिली पिढी भारताने जवळजवळ पाहिलीच नाही. टोकियोत ती १९७९ साली सुरू झाली, अमेरिकेत १९८३ साली. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो थेट डिजिटल जीएसएमवर, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या २जीवर. पुणे मुंबईच्या परवान्यात बसत नव्हतं. ते महाराष्ट्र सर्कलमध्ये गेलं. इथे मोबाइल पोचला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, बिर्ला एटीअँडटी आणि बीपीएल या दोन कंपन्यांचा. पहिलीचे नंबर ९८२२ने सुरू व्हायचे, दुसरीचे ९८२३ने. जुना ९८२२ नंबर असलेला माणूस आजही तो सांगताना पहिले चार आकडे जरा सावकाश सांगतो. त्याने त्याची किंमत मोजलेली असते म्हणा. सुरुवातीच्या काळात गर्दीच्या वेळी मिनिटाला १६-१७ रुपयांपर्यंत दर जायचा आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं २००३ साली. तोवर मिस्ड कॉल हीच एक भाषा होती : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये.

२जीमध्ये आवाजाला जागा कशी मिळायची हे ज्यांनी कानांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रेडिओवर बातम्या चालू असायच्या, शेजारी मोबाइल ठेवलेला. मध्येच रेडिओतून टर्र-टर्-टर्-टर्र असा आवाज यायचा आणि क्षणभराने फोन वाजायचा. फोनच्या आधी रेडिओला कळायचं! कारण असं, की जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका पट्ट्याचे वेळेनुसार आठ तुकडे पाडतात. आठ जण एकाच पट्ट्यावर, आळीपाळीने. आपल्या फोनची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते आणि तेवढ्यापुरता तो जोरात ओरडून गप्प बसतो. हे २१७ वेळा ओरडणं रेडिओच्या, टीव्हीच्या, टेपच्या तारा उचलायच्या. ते आपल्याला टर्र असं ऐकू यायचं.

टॉवरच्या पहिल्या पट्ट्यावर त्या आठातला एक तुकडा कारभारासाठी राखीव, म्हणजे तिथे बोलणारे फार तर सात. आवाज अर्ध्या दराने दाबून चौदा जण कोंबता येत, पण मग तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर फोन का लागत नव्हता, याचं उत्तर या हिशेबात आहे. अलका टॉकीजच्या चौकात हजारो माणसं, प्रत्येकजण "तू कुठेयस?" विचारायला फोन काढतो, आणि टॉवरपाशी मोजून काही डझन जागा. आधीच्याने फोन ठेवल्याशिवाय पुढच्याला जागा नाही. पण एकदा फोन लागला, की जागा तुमची. मागून कितीही गर्दी होवो, तुम्हाला कुणी सरकवणार नाही. मालकी म्हणतात ती हीच.

जागा तोकडी, म्हणून आवाज मुळातच आवळून घ्यावा लागला. दर २० मिलिसेकंदांचा आवाज कापायचा, तो जसाच्या तसा न पाठवता घशाची आणि तोंडाची स्थिती सांगणारे आकडे पाठवायचे, पलीकडच्या फोनने त्यावरून आवाज पुन्हा घडवायचा. ६४ किलोबिटचं काम १३मध्ये. बोलणारा थांबला की फोन पाठवणंही जवळपास थांबवतो, बॅटरी वाचते. पण तसं केल्यावर पलीकडे इतकी ठार शांतता पसरायची की लोकांना वाटायचं, फोन कटला. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच थोडीशी खरखर तयार करून कानात सोडतो. या सगळ्या व्यवस्थेतली ही खोटी खरखर मला सगळ्यात आवडते. माणूस गप्प आहे पण गेलेला नाही, एवढं सांगायला कुणीतरी इतका विचार केला.

डेटा या वाड्यात आला तो जीपीआरएस नावाने. बोलणाऱ्यांनी सोडलेले तुकडे त्याला मिळायचे. कुणाचा फोन लागला की खोली रिकामी करायची. दरम्यान सीडीएमए फोनही घरोघर पोचले. तिथे वेळेचे तुकडेच नाहीत, सगळे एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलतात, प्रत्येकाची सांकेतिक खूण वेगळी. लग्नाच्या पंगतीत चाळीस जण एकदम बोलत असतानाही आपल्याला आपल्या मावशीचा आवाज बरोबर सापडतो, तसं. त्यातल्या बऱ्याच फोनांत सिमकार्डच नसायचं, त्यामुळे कंपनी बदलायची तर फोनही टाकायचा.

३जीने हेच खुणेचं तंत्र घेतलं. सरकारी कंपन्यांनी ते २००८-०९ मध्ये आणलं, खासगी कंपन्यांनी २०१०च्या लिलावानंतर. आवाजाच्या दृष्टीने त्यात फार काही घडलं नाही : आवाजाचा जिना वेगळा, डेटाचा वेगळा, दोघं एकाच वेळी ये-जा करू शकत. आपल्याकडे ३जी मुख्यतः २१०० मेगाहर्ट्झवर होतं आणि जाड भिंतींतून ते आत शिरेना, म्हणून पेठेतल्या कित्येकांनी फोन '२जी ओन्ली'वर ठेवले आणि ३जीचे पैसे भरत राहिले.

वाडा पाडला तो ४जीने. या पिढीचा आराखडा ज्यांनी केला त्यांनी आवाजासाठी वेगळी वाट ठेवलीच नाही. सगळं इंटरनेटसारखं : माहितीची छोटी पाकिटं करा, पत्ता लिहा, सोडून द्या. २०१२ साली कोलकाता, बंगळुरू आणि मग पुण्यात एअरटेलचं ४जी सुरू झालं तेव्हा ते डोंगलवर, लॅपटॉपसाठी होतं. पुढे ४जी फोन आले तेव्हा पेच पडला. बोलायचं कुठून?

तात्पुरती सोय अशी केली, की फोन एरवी ४जीवर राहील आणि कॉल आला-गेला की खाली २जी किंवा ३जीवर उतरेल. नव्या इमारतीत राहायचं, पण दिवाणखाना अजून जुन्या वाड्यात. माझे दोन वर्षांचे हाल यात झाले. बाणेरला भाड्याच्या खोलीत होतो, फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप. फाइल अपलोड होत ८० टक्क्यांवर आली की हमखास आईचा फोन : "जेवलास का?" कोपऱ्यातलं ४जी जाऊन तिथे ई, म्हणजे २जीच्या डेटाची खूण, यायचं, इंटरनेट गपगार, फाइल पहिल्यापासून. मी कंपनीच्या केंद्रावर तक्रार केली तर मला फोन बंद करून चालू करायला सांगितलं. खरं कारण एवढंच होतं, की फोन २जीवर उतरला की बहुतेक ठिकाणी बोलणं आणि डेटा एकत्र चालत नसत. नंबर लावल्यावर रिंग जायला काही सेकंद जास्त लागायचे तेही याचमुळे. फोन आधी जिना उतरायचा.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं आणि सोय ठेवायला जागाच उरली नाही, कारण त्यांच्याकडे उतरायला २जी-३जी नव्हतंच. बोलणं ४जीवरूनच करणं भाग होतं. त्याचं नाव व्होल्टी. तंत्र नवं नव्हतं. त्यामागची आयएमएस ही व्यवस्था २००२च्या सुमारास कागदावर आली होती आणि अमेरिकेत, कोरियात २०१२पासून चालूही होती. पण दुसरं जाळं हाताशी न ठेवता सगळा देश त्यावर बोलायला लावणं ही वेगळीच गोष्ट. ज्यांच्या फोनला ते जमत नव्हतं त्यांना बोलायलाही वेगळं अॅप टाकावं लागत होतं.

व्होल्टीत आवाज पाकिटांत जातो, सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येकावरचा पत्ताच आतल्या आवाजापेक्षा मोठा भरतो, म्हणून तो टॉवरपर्यंतच्या टप्प्यात आक्रसून काही बाइटांवर आणतात. आणि गंमत म्हणजे, सगळी पाकिटं सारखीच असं ठरवून बांधलेल्या इमारतीत आवाजासाठी पुन्हा राखीव जागा काढावीच लागली. कॉल लागला की जाळं त्याच्यापुरता एक वेगळा मार्ग उघडतं, ठरावीक वेगाची हमी देतं आणि टॉवरवरच्या रांगेत व्हिडिओच्या पाकिटांआधी त्याला सोडतं. शेजारचा कितीही क्रिकेट बघत असला तरी. व्हॉट्सअॅपवरच्या कॉलला ही वागणूक मिळत नाही. तो व्हिडिओसोबत रांगेत उभा असतो. म्हणून लोकलच्या गर्दीत तो तुटतो आणि साधा कॉल तग धरतो. मालकी गेली, पण ज्येष्ठांची राखीव सीट मिळाली म्हणायची.

पट्टाही रुंदावला, ५० ते ७,००० हर्ट्झ. 'स' परत आला. साठ्यांना आता साठेच म्हणतात.

नवा आजारही आला. पूर्वी फोन लागला म्हणजे आवाजाची वाट बांधली गेलेलीच असायची. आता फोन लागल्याचा निरोप एका वाटेने येतो आणि आवाज दुसऱ्या. निरोप पोचला, आवाजाची पाकिटं कुठेतरी अडकली, की स्क्रीनवर सेकंद पळत राहतात आणि दोघंही "हॅलो? ऐकू येतंय का?" म्हणत बसतात. कॉल चालू, बोलणं बंद. कंपनीच्या हिशेबात तो कट झालेला कॉल धरला जाईलच असं नाही, ही त्यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

२०१९च्या अखेरीपासून वाय-फायवरून साधा कॉल लावायची सोयही सुरू झाली. कंपनीच्या जाळ्यापर्यंत घरच्या इंटरनेटमधून एक बंदिस्त बोगदा काढतात. दीड हात जाडीच्या भिंतींना यावर काही करता येत नाही.

मग काकांचा ५जी. १ ऑक्टोबर २०२२ला देशात ५जी सुरू झालं आणि त्याच वर्षी पुण्यातही आलं. एअरटेलने ते ४जीच्या खांद्यावर बसवलं, त्यामुळे तिथे बोलणं पहिल्यापासून व्होल्टीचंच. जिओने स्वतंत्र ५जी उभारलं, पण स्वतंत्र ५जीमध्येही आवाज थेट नेण्यासाठी जाळं, फोन आणि फोनमधलं सॉफ्टवेअर तिन्ही तयार लागतं. त्याला व्होएनआर म्हणतात. ते जिथे जमत नाही तिथे कॉलपुरता फोन ४जीवर उतरतो. २०१५ साली ४जीवरून २जीवर उतरायचा, तोच जिना एक मजला वर. फरक एवढा, की खाली आता इंटरनेट बंद पडत नाही आणि उतरायला लागणारा वेळ सहसा जाणवतही नाही. काकांना हे कुणी सांगितलं असतं तर ते शांत झाले असते, असं मात्र मला वाटत नाही.

मधल्या मधे ३जी जवळजवळ गेलं. एअरटेलने ते २०२०पर्यंत गुंडाळलं. २जी टिकलंय, कारण बटणांचे साधे फोन अजून कोट्यवधी हातांत आहेत.

त्यातला एक माझ्या शनिवार पेठेतल्या आत्याच्या हातात आहे, ९८२२वाला. ती फोन लावते तेव्हा तिच्या वाड्यापासून टॉवरपर्यंत आवाज २जीच्या तुकड्यातून जातो, मध्ये एक दुभाषा त्याची पाकिटं करतो आणि माझ्यापर्यंत तो व्होल्टीने येतो. माझ्याकडची सगळी रुंदी वाया. तिच्या टोकाला छाटलेला आवाज पुढे रुंद होत नाही. मी एकदा तिला म्हटलं, "आत्या, नवा फोन घेऊन देतो, आवाज स्वच्छ येईल." ती म्हणाली, "मला येतो की ऐकू. तुलाच येत नसेल तर मी मोठ्याने बोलते." आणि ट्रंक कॉलच्या दिवसांत बोलायची, तशी ओरडून बोलायला लागली.