मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शन

कमरेच्या मणक्यांतून निघणारी नस दबली किंवा सुजली की कळ पायात उतरते. अशा वेळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत, नसेच्या मुळाशी, सूज उतरवणारे स्टेरॉइड सोडतात. सोबत बहुधा भुलीचे औषध असते. सीझरच्या वेळची पाठीतली भूल वेगळी, ती आवरणाच्या आतल्या पाण्यात देतात. सुई नेमक्या जागी जावी म्हणून सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहत इंजेक्शन देणे चांगले.

वाकताना उसण भरली, कंबर धरली, पण कळ पायात गेली नाही, तर या इंजेक्शनाचा फारसा उपयोग नाही. ते आहे सायटिकासाठी, म्हणजे नितंबातून पोटरी-पावलापर्यंत जाणारी चमक आणि मुंग्या यांसाठी. त्याचे नेहमीचे कारण मणक्यांमधली गादी सरकणे हे असते, असे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये दाखवले. सरकलेली गादी नस दाबते, शिवाय तिच्यातल्या द्रव्याने नस सुजते. औषध चालते ते या सुजेवर. ‘मणक्यात गॅप आलाय, इंजेक्शननं भरून निघंल’ ही समजूत त्यामुळेच चुकीची.

गुण येतो, पण थोडा आणि थोडे दिवस. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित तपासणीत, खोट्या औषधाच्या तुलनेत पायाचे दुखणे शंभर अंकांच्या मापावर सुमारे ५ अंकांनीच जास्त कमी झाले, तेही सुरुवातीच्या काळात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात स्टेरॉइड आणि खोटे औषध मिळालेल्या दोन्ही गटांतल्या साधारण चौथ्या हिश्शाला शस्त्रक्रिया लागलीच. उतारवयात मज्जारज्जूची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरील २०१४ च्या चाचणीत सहा आठवड्यांनी स्टेरॉइडसह दिलेले इंजेक्शन नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा फारसे सरस ठरले नाही. ब्रिटनची नाइस ही संस्था तीव्र, ताज्या सायटिकात त्याचा विचार करावा म्हणते. तीन महिन्यांहून जुन्या मणक्याच्या दुखण्यात ते देऊ नये, असा २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाचा सल्ला.

गादीचे दुखणे पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप उतरते. तोवरचा असह्य काळ सुसह्य करणे एवढेच या सुईचे काम. बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कामगारांच्या बाबतीत गणित बिघडते ते इथेच. दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला हंगाम वसंतापर्यंत चालतो, उचल आधीच घेतलेली असते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे असते. कळ थांबली म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मोळी उचलली, तर गादीवरचा भार तोच राहतो. असा वापर वैद्यकीयदृष्ट्या वायाच म्हणायचा.

मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगावे लागते. जंतुसंसर्ग आणि मज्जारज्जूला इजा क्वचितच होते, पण झाली तर गंभीर असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मज्जासंस्थेच्या अशा क्वचित पण गंभीर इजेचा इशारा दिला होता. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळे पडत चालले, तर इंजेक्शन घेऊन वाट पाहणे धोक्याचे. तातडीने एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.