आळ कोणावर घ्यायचा?

"उद्द येष्टु? अगल येष्टु?" दुकानदाराने कन्नडमध्ये विचारलं, लांबी किती, रुंदी किती. मी सांगितलं, १२ फूट आणि ८ फूट. चारही बाजूंना फूटभर जास्त धरून त्याने १४ बाय १० चा काळा प्लॅस्टिकचा कागद कापला आणि गुंडाळी करून स्कूटरला बांधून दिली. परड्यात छोट्या तळ्यासाठी खड्डा तयारच होता. कागद आत सोडला, तळाला नीट बसवला, आणि पाहतो तर कडा काठापासून दीड फूट खालीच राहिलेल्या. कन्नडमध्ये खोलीला 'आळ' म्हणतात. तेवढं एक त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता मराठीतला आळ कोणावर घ्यायचा?

बेळगावात हा कागद मिळायला अडचण नाही. २०१४ मध्ये कर्नाटकात कृषी भाग्य योजना आली तेव्हापासून 'कृषी होंड', म्हणजे आपलं शेततळं, गावोगावी माहीत आहे आणि त्यात अंथरायचा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागदही. आपल्या भागात त्याच्याशिवाय पाणी ठरत नाही. खानापूर-जांबोटीकडचा जांभा म्हणजे चाळणी. अथणीकडची काळी माती ओली असेपर्यंत पाणी धरते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते.

माझी चूक साधी होती. तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे त्याचं तोंड येतं. १२ बाय ८ म्हणजे ९६ चौरस फूट. कागद मात्र तोंडावर पसरायचा नसतो, तो आतल्या अंगाला लावायचा असतो. एका काठावरून मुंगी सोडा. ती माझ्या खड्ड्याच्या खोलीएवढी, म्हणजे अडीच फूट, खाली उतरेल, १२ फूट चालेल, पुन्हा अडीच फूट चढेल. झाले १७. काठावर दगडाखाली दाबायला दोन्हीकडे फूट-फूट धरा, १९. रुंदीला तसेच १५. एकूण २८५ चौरस फूट, तोंडाच्या जवळजवळ तिप्पट. सूत्र एवढंच: लांबीत खोली दोनदा मिळवायची, काठ दोनदा मिळवायचा. रुंदीलाही तेच.

शेजारचे गवंडी येऊन खड्डा बघून गेले. म्हणाले, "भिंती अशा उभ्या ठेवू नका, पावसात ढासळतील. उतार द्या." मला वाटलं, तिरकी बाजू लांब असते, म्हणजे कागद आणखी लागणार. हिशेब मांडला तर उलटं निघालं. तोंड तेवढंच ठेवलं तर उभी भिंतच सगळ्यांत जास्त कागद खाते.

कारण शाळेतलंच आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. ग्रीक गणिती युक्लिडने हे सिद्ध केलं म्हणून काहींनी टिंगल केली होती, की हे तर गाढवालाही कळतं, गवताकडे ते सरळच जातं. आपल्याकडे बांधावरून वळसा न घालता शेतातून तिरकी पायवाट पडते ती याचमुळे. अडीच फूट खाली जाताना अडीच फूट आत गेलात, तर उभं-आडवं मिळून ५ फूट होतात, पण तिरकं फक्त ३.५४. दोन्ही बाजूंना मिळून जवळपास ३ फूट वाचले. १७ च्या जागी १४.०७! म्हणजे माझा तो आखूड कागद उताराच्या खड्ड्यात काठाला अगदी पोचता-पोचता राहिला असता. दाबायला मात्र काहीच उरलं नसतं.

आता गंमत. मला कमळाच्या कुंड्या ठेवायच्या होत्या, म्हणून उताराऐवजी पायऱ्या काढल्या. पायऱ्या किती? दोन काढा, पाच काढा, जुन्या देवळापुढच्या पुष्करणीसारख्या वीस काढा, कागद तेवढाच लागतो. उभे टप्पे दर बाजूला सगळे मिळून खोलीएवढेच, आडवे सगळे मिळून तोंडाएवढेच. बेरीज १७, एक सूतही इकडेतिकडे नाही.

मग पायऱ्या बारीक करत नेल्या तर? नखाएवढ्या, केसाएवढ्या? लांबून पाहणारा शपथेवर सांगेल की हा गुळगुळीत उतारच आहे. उताराला ३.५४ फूट कागद लागतो आणि या 'उताराला' अजूनही ५. मला या गोष्टीने शाळेत असल्यापासून पछाडलंय. आकार आकाराच्या हवा तितका जवळ जातो, लांबी मात्र तसूभर हलत नाही. कारण पायरी कितीही लहान केली तरी ती एकतर उभी असते नाहीतर आडवी, तिरकी कधीच होत नाही. प्रत्येक चिमुकल्या त्रिकोणात दोन बाजूंचं कर्णाशी प्रमाण १.४१ च राहतं, आणि सगळे त्रिकोण एकाच प्रमाणात तोट्यात असतील तर त्यांची बेरीजही त्याच प्रमाणात तोट्यात. दोन वक्र एकमेकांजवळ असणं पुरत नाही, त्यांच्या दिशाही जुळाव्या लागतात. कलनशास्त्रात वक्राची लांबी मोजताना बारीक तिरके तुकडे घेतात, पायऱ्या घेत नाहीत, ते याचसाठी.

या सूत्राची एक अट आहे: मुंगी एकदा उतरली पाहिजे आणि एकदाच चढली पाहिजे. मध्ये बेडकांसाठी उंचवटा ठेवलात तर त्याच्या उंचीची दुप्पट वेगळी मिळवा. हिशेबाचा कंटाळा असेल तर सुतळी खड्ड्यात तळाला टेकवत काठापासून काठापर्यंत न्या आणि ती मोजा. ताणू नका, ताणलेली सुतळी खळगे लपवते.

कोपऱ्यांत चुण्या पडतात म्हणून खट्टू होऊ नये. सपाट पत्रा न ताणता वाटीच्या आकाराला चिकटवता येत नाही, हे जर्मन गणिती गाऊसने १८२७ मध्ये गणिताने दाखवलं. मोदकाची पारी वळणाऱ्या बाईला ते आधीपासून ठाऊक आहे, ती कळ्या पाडते. कोपऱ्यात जास्तीच्या कागदाची एकच मोठी घडी घालावी. पाणी भरल्यावर एवढ्या खोलीला तळाच्या दर चौरस फुटावर सुमारे ७० किलो भार येतो, म्हणजे प्रत्येक फरशीवर एकेक माणूस उभा. कागद कुठे खळग्यावर ताणलेला राहिला असेल तर तिथेच फाटतो.

एक हितचिंतक म्हणाले, पाणी ईशान्येलाच हवं. आमच्या ईशान्येला संडासाची टाकी आहे, तिच्यातही पाणीच आहे. जागा ठरवताना दिशेपेक्षा अंगणाचा उतार पाहावा. जुलैच्या झडीत वाहून आलेलं पाणी कागदाखाली शिरलं की तो फुग्यासारखा वर येतो. आणि काठ समपातळीत आहे का, ते डोळ्याने ठरवू नये. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरून लावावी, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते पाहून. काठ एका बाजूला दोन इंच खाली असला की पाणी तिथूनच जातं आणि समोर दोन इंच काळा कागद उघडा पडतो.

नवा कागद १९ बाय १५ चा आणला. या वेळी दुकानात शिरताच सांगून टाकलं, "आळ येरडूवरे अडी," खोली अडीच फूट. जुना १४ बाय १० चा त्याच्याखाली गोणपाटावर अंथरला आहे. नव्याच्या कडा अजून कापलेल्या नाहीत. तळं भरून कागद पुरता बसेपर्यंत कात्री घरातच.