व्हिनियर की लॅमिनेट? 'वुड फिनिश' म्हणजे नक्की काय ते आधी विचारा

फर्निचरच्या कोटेशनमध्ये नुसतं 'वुड फिनिश' लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा आणि व्हिनियर लावणार की लॅमिनेट ते विचारा, कारण शोरूमच्या लाइटमध्ये दोन्ही सागवानासारखे दिसतात पण दोन्ही पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत.

लॅमिनेट, म्हणजे आपण सगळे ज्याला सनमायका म्हणतो ते, हा खरं तर कागद असतो. रेझिनमध्ये भिजवलेल्या क्राफ्ट पेपरचे (जाड तपकिरी कागदाचे) थर, वर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर मेलामाइन नावाच्या रेझिनचा कडक पारदर्शक थर, आणि हे सगळं गरम प्रेसमध्ये प्रचंड दाबाने एकजीव केलेलं. १९१२ मध्ये अमेरिकेत फॉर्मायका, म्हणजे याच जातीचा माल, निघाला तोच मुळी विजेच्या सामानात इन्सुलेशन म्हणून, त्यामुळे हा माल आधीपासूनच दणकट! व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा अर्धा मिलीमीटरच्या आसपासचा पातळ काप, बहुतेक वेळा पातळ प्लायवर चिकटवलेला, आणि वरून पॉलिश करावंच लागतं.

ओळखायचं कसं? कड बघा. लॅमिनेटच्या कापलेल्या कडेला काळपट तपकिरी रेघ दिसते (पट्टी लावून झाकली असेल तर नाही दिसणार), आणि मोठ्या वॉर्डरोबवर तीच गाठ, तीच वळणाची रेघ परत परत येते कारण शेवटी ती प्रिंट आहे. फक्त रेकॉन व्हिनियर असेल तर जरा गोंधळ होतो, ते खरं लाकूडच असतं पण रंगवून, थर चिकटवून परत कापलेलं, म्हणून त्याच्या रेषा संशय यावा इतक्या सरळ असतात.

गाड्यांमध्येही हेच चालतं. फोर्डच्या कंट्री स्क्वायर या जुन्या अमेरिकन गाडीला आधी बॉडीवर खरं लाकूड असायचं, १९५२ पासून स्टीलच्या बॉडीवर लाकडाची प्रिंट असलेली फिल्म आली, आणि आजही साध्या गाडीच्या डॅशबोर्डवरचं 'वूड' म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकवर चढवलेली डिझाइनच. रोल्स रॉइससारख्या गाडीत मात्र खरं व्हिनियर असतं, आणि त्याच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घालतात, अपघातात लाकडाच्या चिरफळ्या उडू नयेत म्हणून. मला हे फार आवडतं, कारण दिसण्यासाठी लावलेल्या वस्तूत आत बसणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार केलेला आहे.

आता घरात काय लावायचं. किचनमध्ये लॅमिनेटच, यात दुसरा विचार नको, तेल, हळद, ओला फडका सगळं सहन करतं. व्हिनियरवर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडू शकतो. पण लॅमिनेटवर खोल ओरखडा गेला की तो कायमचा, व्हिनियर मात्र हलकं घासून परत पॉलिश करता येतं, अर्थात जपून, अर्धा मिलीमीटर घासायला कितीसा वेळ लागतो, खालचा प्लाय दिसला की संपलं. आणि स्वस्तात लाकडाचा भास हवा म्हणून हॉलभर लाकडाची प्रिंट लावण्यापेक्षा मी तरी सरळ प्लेन रंगाचं लॅमिनेट घेईन, ते जास्त चांगलं दिसतं.

व्हिनियर घेणार असाल तर एका भिंतीला लागतील तेवढ्या सगळ्या शीट एकाच लॉटमधल्या आणि एकदमच घ्या, नंतर आणलेली शीट बहुतेक जुळत नाही. खिडकीचं ऊन कुठे येतं तेही बघा, अक्रोडाचं लाकूड उन्हाने फिकट होत जातं आणि चेरीचं गडद.