बोटभर जहाजाची दोन वयं

जुन्या पेटीच्या तळाशी राखाडी रंगाचं, जेमतेम बोटभर लांबीचं एक जहाज सापडतं. नाव नाही, शिक्का नाही, तळ मात्र रंधा मारल्यासारखा सपाट. "हे किती जुनं असेल?" असं आपण लगेच विचारतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. अशा वस्तूला दोन वयं असतात. एक, ती ज्या जहाजाची नक्कल आहे त्या जहाजाचं. दुसरं, ती स्वतः घडली तेव्हापासूनचं. पहिलं वय आकारावरून कळतं, दुसऱ्यासाठी धातूकडे वळावं लागतं.

आकारापासून सुरुवात करू. भिंग घेऊन आधी नांगर शोधावा. शेतातला नांगर आणि बोटीचा नांगर, मराठीत दोघांना शब्द एकच. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ साली खरोखरच फाळासारखा दिसणारा, समुद्राच्या तळात घुसून बसणारा नांगर तयार केला. चिमुकल्या बोटीवर तसा नांगर दिसला, तर ती वस्तू १९३३ च्या आधीची असणं अशक्य. उलटं मात्र खरं नाही. आडवा दांडा असलेला जुन्या घाटाचा नांगर कालच ओतलेल्या शोभेच्या वस्तूवरही असतो. म्हणजे आकार फक्त "याच्या आधीची नाही" एवढंच सांगू शकतो.

चांदीच्या वस्तूवर ठोकलेला बारीकसा नांगर मात्र आणखीच फसवा. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणी कार्यालयाचं ते चिन्ह आहे, १७७३ पासूनचं. शहर समुद्रापासून चांगलंच दूर! तो शिक्का चांदीच्या चमच्यावरही सापडेल. त्याचा जहाजाशी काही संबंध नाही.

आता तो सपाट तळ. पाण्यावर दिसतो तेवढाच भाग दाखवणारी ही प्रतिकृती, म्हणून टेबलावर ठेवली की जहाज समुद्रात तरंगल्यासारखं वाटतं. अशा प्रतिकृती बहुधा १:१२०० किंवा १:१२५० या प्रमाणात असतात. दुसऱ्या महायुद्धात खलाशांना आणि वैमानिकांना दुरून जहाज ओळखायला शिकवण्यासाठीही त्या वापरल्या गेल्या. आपलं जहाज ९.२ सेंटिमीटर भरलं असं धरू. १२५० ने गुणलं तर ११५ मीटर, १२०० ने गुणलं तर सुमारे ११० मीटर. दोन्ही लांब्या विनाशिकेला शोभतात. मग धुराडी किती, तोफा कुठे, डोलकाठी किती मागे, हे नौदलांच्या जुन्या आराखड्यांशी ताडून बघायचं. या कामाला चिकाटी लागते, उपकरणं नाहीत.

दुसरं वय शोधायला आर्किमिडीज कामाला येतो. जहाजाचं वजन करा: समजा ४२ ग्रॅम. मग पाण्याचा पेला डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि जहाज दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. पेल्याला कुठेही टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. ६.३ आले तर घनता ६.७ च्या आसपास. पितळ साधारण ८.५, शिसं ११.३, कथिलाचा मिश्रधातू ७.३ च्या जवळपास, ६.७ म्हटलं की जस्ताचा मिश्रधातू. आत पोकळी असेल तर हा हिशेब कोलमडतो. रंग सुटत असेल, लाकूड किंवा हाड असेल, तर मुळातच बुडवू नये.

हाड म्हटल्यावर आठवलं: नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत इंग्लंडमध्ये अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांची अप्रतिम जहाजं कोरली. हाडावर भिंगाखाली रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे बारीक काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंतात ते नसतात; त्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी असते. "तापवलेली सुई टोचून बघा" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वस्तूला भोक पडतं ते वेगळंच, पण सेल्युलॉइड निघालं तर ते भडकन पेटतं.

जस्ताकडे परत येऊ. त्यात शिशाची किंचितही भेसळ राहिली, तर ओलाव्यात धातूच्या कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो. वस्तू फुगते, तडकते, शेवटी बिस्किटासारखी चुरते. त्यावर उपाय म्हणून अतिशुद्ध जस्ताचे मिश्रधातू १९२९ पासून आले, पण ओतकामाच्या सगळ्या कारखान्यांनी ती शिस्त लगेच पाळली नाही. त्यामुळे हा रोग विशेषतः १९२० ते १९५० च्या दशकांतल्या ओतीव वस्तूंत आढळतो. जहाजाच्या पोटावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा असतील, तर त्या घासून-भरून झाकू नका. वयाचा सर्वांत बोलका पुरावा त्याच आहेत.

घनता ११ च्या पुढे गेली आणि अंगावर पांढरी भुकटी दिसली, तर ती धूळ नव्हे. ओकच्या लाकडी कपाटातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. ती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं पांढऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर करतात. रंगकामासाठी सफेदा बनवायची जुनी पद्धतही हीच होती, तिथे व्हिनेगर मुद्दाम वापरत. ही भुकटी विषारी असते. फुंकर मारू नका, हातमोजे घाला, जहाज आधी त्या कपाटातून बाहेर काढा.