स्पोर्ट्स सायन्सचं शिक्षण आणि त्यातलं करिअर

स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज सायन्स, मराठीत क्रीडा व व्यायाम विज्ञान, म्हणजे माणूस पळतो, वजन उचलतो, दमतो आणि परत ताजा होतो तेव्हा त्याच्या शरीरात नि डोक्यात काय घडतं ते मोजून शिकायचा विषय. मोजून हे महत्त्वाचं. आपल्याकडे हे नाव ऐकलं की पीटीचे सर आणि शिट्टी आठवते, आणि चांगलं खेळणाऱ्या मुलाला घरचे म्हणतात मग हेच कर, पण हा कोर्स खेळण्याचा नाहीये, खेळणाऱ्याचं शरीर समजून घेण्याचा आहे, त्यामुळे बारावीला बायोलॉजी मनापासून आवडलेली पण शाळेच्या टीममध्ये कधीच न निवडलेली मुलगीसुद्धा यात खूप पुढे जाऊ शकते.

पदवीला मुख्य विषय चार-पाच: फिजिओलॉजी (शरीर कसं चालतं), बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचं बळाचं गणित), न्यूट्रिशन, स्पोर्ट्स सायकॉलॉजी आणि या सगळ्यांना पुरून उरणारं स्टॅटिस्टिक्स. लॅबमध्ये धावपटूला ट्रेडमिलवर चढवतात, तोंडाला मास्क लावतात आणि दर काही मिनिटांनी वेग नाहीतर चढ वाढवत नेतात. एका टप्प्यानंतर वेग वाढवला तरी तो घेत असलेल्या ऑक्सिजनचा आकडा जागचा हलत नाही, तोच व्हीओटू मॅक्स. ही कल्पना १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या कामातून आली, आणि हिलना स्नायूंमधल्या उष्णतेवरच्या संशोधनासाठी १९२२ चं नोबेल मिळालं होतं. याशिवाय कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट, म्हणजे जोरात पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ, बघणं, पायाचा जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेटवर उडी मारायला लावून दोन पायांतला फरक काढणं, कॅलिपरने कातडीची घडी मोजून चरबीचा अंदाज घेणं हे रोजचं काम. क्रिकेटमुळे घराघरात पोचलेली यो-यो टेस्टही याच घरातली, २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, १० सेकंद दम खायचा, परत पळायचं, आणि फेरीची वेळ सांगणाऱ्या बीपचा वेग वाढतच जातो.

हे ज्ञान मैदानावर कुठे लागतं ते कुस्तीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाची फायनल गाठूनही दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, ती सकाळ आठवली की अजून पोटात कालवतं. आता यातलं शास्त्र बघा, पहिल्या दिवशी वजन देऊन पैलवान खातो-पितो कारण त्याशिवाय लढायला ताकदच नाही, स्नायूंमध्ये एक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, साठलं की त्याच्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, म्हणजे वजन परत चढणारच, आणि आता नियमाने दुसऱ्या दिवशीही काट्यावर उभं राहायचंय. किती खायचं, किती प्यायचं, रात्रीत किती घाम काढला तर जिवाला धोका नाही, हे हिशोब अंदाजाने करून चालत नाहीत, पण सगळे हिशोब करूनही शरीर कधीकधी ऐकत नाही, आणि हेही या अभ्यासातच शिकायला मिळतं.

ब्रिटनमध्ये स्पोर्ट्स सायन्सची स्वतंत्र पदवी १९७५ मध्ये लिव्हरपूल पॉलिटेक्निकला सुरू झाली, त्याआधी हा विषय शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या कोर्समध्येच कुठेतरी असायचा. भारतातही वाट तिथूनच निघाली, १९२० चं मद्रासचं वायएमसीए कॉलेज, १९५७ चं ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई कॉलेज, १९६१ ची पतियाळाची एनआयएस, म्हणजे प्रशिक्षक घडवणारी राष्ट्रीय क्रीडा संस्था. महाराष्ट्राचा वाटा मात्र लोक विसरतात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं, उड्डियान नि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना पोटात काय होतं ते एक्स-रे आणि दाब मोजायची उपकरणं लावून तपासलं. मला विचाराल तर व्यायाम विज्ञान आपल्याकडे तिथेच सुरू झालं, नाव नंतर आलं एवढंच.

आता करिअरचं. सगळ्यात मोठा घोळ इथे होतो की चार वेगळ्या वाटा लोक एकच समजतात. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, कुठल्याही पदवीनंतर दोन वर्षं. दुखापतीवर उपचार करायचे तर फिजिओथेरपी, तो वेगळाच साडेचार-पाच वर्षांचा कोर्स. स्पोर्ट्स मेडिसिनला आधी एमबीबीएस. आणि स्पोर्ट्स सायन्सची बीएस्सी यातलं काहीच नाही, म्हणजे ती करून खेळाडूच्या गुडघ्यावर उपचार करता येत नाहीत, त्याचं ट्रेनिंग आखता येतं, त्याच्या टेस्ट घेता येतात, डेटा वाचता येतो. हे अॅडमिशनआधी स्पष्ट माहीत असलं पाहिजे, तिसऱ्या वर्षाला कळून उपयोग नाही.

भारतात मणिपाल, चेन्नईचं श्री रामचंद्र अशा ठिकाणी हे शिक्षण मिळतं, मणिपुरात २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठही झालंय. बाहेर जाणारे बरेच जण ब्रिटनला जातात, तिथे पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. अमेरिकेत हाच विषय बरेचदा किनेसिऑलॉजी नावाने शोधावा लागतो.

नुसत्या पदवीवर पहिली नोकरी बहुतेक जिममध्ये किंवा अकॅडमीत ट्रेनर म्हणून लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही, शंभर वेगवेगळी शरीरं हाताखालून जातात. एस अँड सी (स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग), म्हणजे खेळाडूची ताकद नि दमसास वाढवणारा कोच व्हायचं असेल तर अमेरिकेच्या एनएससीए या संस्थेची सीएससीएस परीक्षा देतात, तिला पदवी लागतेच. फिजिओलॉजिस्ट, बायोमेकॅनिक्स किंवा परफॉर्मन्स अॅनालिस्ट म्हणून साई, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरण, घेतं, पण एमएस्सी मागतात आणि जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात. पुण्यात २००१ पासूनची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे जिथे नीरज चोप्रासारखे खेळाडू तयार झालेत, तिथलं काम बघायला मिळालं तर सोडू नये. खेळाबाहेरही काम आहे, हार्टच्या पेशंटला ऑपरेशननंतर हळूहळू चालायला-चढायला लावणं, डायबेटिसवाल्यांचा व्यायाम आखणं, आणि आपल्या देशात ही गरज मेडलपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं.

कॉलेज निवडताना इमारत नि ग्राउंड बघू नका, लॅबमध्ये विद्यार्थ्याला स्वतः मास्क लावून टेस्ट घेऊ देतात का की मशीन कपाटात बंद असतं ते विचारा, इंटर्नशिप कुठल्या टीमकडे होते ते विचारा, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून स्टॅटिस्टिक्स कोण शिकवतं ते विचारा.