सेल संपला म्हणून पीसी सहसा बंद पडत नाही

नौपाडा असो वा कळवा, ठाण्यात एक समज वर्षानुवर्षं ऐकू येतो: जुना पीसी चालू होत नाही, म्हणजे मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा, सेल गेला. हा नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल फक्त घड्याळ आणि बायोसची (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग्ज सांभाळतो, तेही वीज नसताना. पीसी चालतो तो एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, विजेवर. सेल संपला की तारीख मागे जाते, त्यामुळे बँकेची साइट सुरक्षित नसल्याची सूचना येते, फार तर सुरुवातीला एफ१ दाबायला सांगतात.

समजाला थोडा आधार आहे, हेही खरं. सेटिंग्ज पुसली गेली की हार्ड डिस्कचा मोड (तिच्याशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीई होऊ शकतो आणि विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकते. पण तेव्हा स्क्रीनवर काहीतरी दिसतं तरी!

बटण दाबून पंखासुद्धा हलला नाही, तर आधी पॉवर केबल आणि एसएमपीएस तपासून घ्या. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पुट चढतं. प्लग काढा, रॅम काढून पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका आणि क्लिप खट्ट वाजेपर्यंत दाबून बसवा. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली दिसली, तर काम कारागिराचं. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर जोराचा झटका देऊ शकतो.